बोगद्याची किल्ली शेजारी

लवणश्री सहकारी गृहनिर्माण संस्थेत कॉम्प्युटरमधलं कळणारा माणूस एकच आहे आणि तो म्हणजे आपण, अशी विनायक धारपांची पक्की समजूत होती. ही समजूत त्यांनी कुणाला विचारून करून घेतलेली नव्हती. अशा समजुती विचारून करायच्या नसतातच, विचारलं की त्या टिकत नाहीत. शेजारच्या परेशभाईंचा प्रिंटर अडला की धारप जात, दोन्ही हात पाठीमागे बांधून प्रिंटरकडे बघत आणि म्हणत, "बंद करून चालू करा." प्रिंटर चालू होई. या भांडवलावर माणूस किती वर्षं विद्वान म्हणून मिरवू शकतो, हे पनवेलमध्ये येऊन बघण्यासारखं होतं.

धारप न्हावा शेव्याच्या बंदरातून माल सोडवून देणाऱ्या एका कंपनीत कागदपत्र विभागाचे प्रमुख होते. त्या कंपनीनं एके दिवशी पत्रक काढलं की हा विभाग आता गुजरातेत, मुंद्र्याला जाणार. सगळ्यांची बदली. मात्र जो कर्मचारी न्हावा शेव्याचा कॉम्प्युटर घरी बसून, पूर्ण सुरक्षितपणे चालवून दाखवील, त्याला आहे तिथे राहता येईल.

धारपांनी पत्रक बायकोला वाचून दाखवलं. सुमतीबाई भाजी निवडत होत्या.

"तुम्ही जाऊन या," त्या म्हणाल्या.

"जाऊन या म्हणजे? बदली आहे ही, लग्नाचं जेवण नाही."

"मग जा. मी पनवेल सोडणार नाही. माझी सगळी माणसं इथे आहेत."

"आणि मी?"

"तुम्ही मुंद्र्याला असाल ना."

धारप गॅलरीत जाऊन कर्नाळ्याच्या सुळक्याकडे बघत उभे राहिले. अपमान झाला की ते नेहमी तिकडेच बघत. त्या हिशेबानं तो सुळका त्यांना चांगलाच पाठ झालेला होता. तेवढ्यात पलीकडच्या गॅलरीतून परेशभाईंनी मान बाहेर काढली. परेशभाईंचं बाजारात हार्डवेअरचं दुकान, आणि दुर्दैवानं सासुरवाड कच्छातली.

"मुंद्रा? अरे धारपभाई, एकदम मस्त! खारेक काय मिळते तिकडे! तुम्ही परत यायचं नावच नाय घेणार!"

धारपांनी त्याच क्षणी ठरवलं की घरबसल्या कॉम्प्युटर चालवून दाखवायचाच. माणसं देशासाठी पेटून उठतात, धारप खारकेवरून पेटले.

मुख्य कार्यालयातून अंकिता नावाच्या मुलीचा फोन आला. कंपनीची सगळी सुरक्षा तिच्या हातात होती आणि आवाजावरून तिचं वय धारपांच्या चपलांपेक्षा फार नसावं.

"काका, सोपं आहे. तुमच्या घरापासून ऑफिसच्या सर्व्हरपर्यंत एक टनेल बनवायचा. एन्क्रिप्टेड. त्यातून तुम्ही—"

"बोगदा," धारप म्हणाले.

"काय?"

"टनेलला मराठीत बोगदा म्हणतात. आणि मी विभागप्रमुख आहे, काका नव्हे."

"ओके काका. तर बोगदा."

मराठी शब्दांच्या बाबतीत धारप कट्टर होते. लिफ्टला ते उद्वाहन म्हणत आणि जिन्यानं जात, कारण उद्वाहन म्हटल्यावर वॉचमन त्यांना कुठे सोडायचं ते विचारत बसे. आता त्यांनी गॅलरीत उभं राहून, अख्ख्या आवाराला ऐकू जाईल अशा बेतानं, मेव्हण्याला फोन लावला. "हो, बोगदा! माझ्या घरापासून थेट न्हावा शेव्यापर्यंत! आतून काय चाललंय ते बाहेरच्या कुणाला कळणार नाही! पुढच्या आठवड्यात चालू!"

पंधरा मिनिटांत सोसायटीचे अध्यक्ष गणूशेठ दारात हजर. लवणश्री ज्या जागेवर उभी होती, तिथे एकेकाळी गणूशेठच्या आज्याचं मिठागर होतं. इमारतीचं नाव मिठावरून पडलं आणि भिंतींचा गिलावाही मिठामुळेच पडत असे.

"धारपसाहेब, तुमी बोगदा खणता आनि आमाला सांगत पन नाय?"

"गणूशेठ, तो तसला बोगदा नव्हे."

"तसला न् असला, बोगदा तो बोगदाच. बंदर आला तवा आमी गेलो, हायवे आला तवा गेलो. आता बोगद्याच्या वरची समदी लोकां प्रकल्पग्रस्त होनार. ही मोजनी कवा झाली? नोटीस कवा निघाली?"

धारपांना हसू आलं, पण गणूशेठना अजिबात आलं नाही. ज्याच्या घरी दर पिढीला एक सरकारी माणूस टेप घेऊन आलेला आहे, त्याला बोगदा हा शब्द विनोदी वाटत नाही. धारपांनी त्यांना बसवलं, चहा पाजला आणि माहिती म्हणजे काय, ती तारेतून कशी जाते, ती वाटेत कुणी वाचू नये म्हणून तिच्याभोवती गुप्त लिपीचं कवच कसं घालतात, हे सगळं समजावलं. गणूशेठनी ऐकून घेतलं.

"म्हंजे बोगदा हाय, पन दिसत नाय."

"बरोबर."

"मंग तर जास्तच लक्ष ठेवाया पायजे," गणूशेठ म्हणाले आणि उरलेला चहा संपवून गेले.

इथपर्यंत प्रकरण हातात होतं. दुसऱ्या दिवशी अंकितानं नवा फाटा काढला. ऑफिसचं फाटक म्हणे फक्त एकाच ठरलेल्या पत्त्यावरून आलेल्याला उघडणार, आणि धारपांचा पत्ता तर रोज बदलतोय.

"मी लग्न झाल्यापासून याच घरात राहतोय!" धारप कडाडले.

"घराचा नाही हो काका. इंटरनेटचा. कायमचा पत्ता घ्या."

कायमचा पत्ता घ्यायला धारप केबलवाल्या प्रणितकडे गेले. हे सद्गृहस्थ एका स्टुलावर बसून साऱ्या वॉर्डाचं इंटरनेट चालवत आणि कुणाचंही चालत नसलं की "वरून प्रॉब्लेम आहे" एवढंच सांगत. वर म्हणजे नक्की कुठे, हे आजवर त्यांच्या तोंडून कुणी काढू शकलेलं नव्हतं. प्रणित म्हणाला की एकट्या माणसाला वेगळा पत्ता देता येत नाही, सगळी बिल्डिंग एकाच पत्त्यावरून बाहेर जाते, पाहिजे तर तोच कायमचा करून देतो. पण मग सोसायटीचा ना-हरकत दाखला लागेल.

आपल्याकडे ना-हरकत दाखला मिळवायचा तर आधी सगळ्यांच्या हरकती ऐकाव्या लागतात. गच्चीवर सभा भरली. तळमजल्यावरच्या मैनाताईंनी विचारलं की बोगद्यातून उंदीर आले तर ते मारायची जबाबदारी कुणाची. कुणी विचारलं की बोगदा होतोच आहे तर त्यातून एखादी पाण्याची लाईनही ओढून घेता येईल का, म्हणजे टँकरची कटकट जाईल. कुणाला भीती की बंदरातली माणसं रात्री-अपरात्री बोगद्यातून वर येतील. धारपांनी पुन्हा पहिल्यापासून समजावलं. समजावताना त्यांच्या चेहऱ्यावर मतिमंदांच्या शाळेत बदली झालेल्या कुलगुरूसारखा भाव होता, आणि तो सभेनं बरोबर टिपला. एरवी दाखला दहा मिनिटांत मिळाला असता, त्या भावापायी दोन तास लागले.

शेवटी गणूशेठनी ठराव मांडला. हरकत नाही, पण एका अटीवर. गेल्या मे महिन्यात चौथ्या मजल्यावरचे लोक नळ उघडा ठेवून महाबळेश्वरला गेले होते आणि दार फोडावं लागलं होतं. तेव्हापासून प्रत्येक नव्या दाराची एक किल्ली संस्थेच्या ऑफिसात ठेवायचा नियम झाला होता. "बोगद्याला किल्ली असंल ना?" गणूशेठनी विचारलं.

"असते," धारप म्हणाले. शब्द तोंडातून गेला तो गेलाच.

"मंग एक हापिसात. ठराव मंजूर."

आणि आता किल्ल्यांविषयी सांगितलं पाहिजे, कारण खरी गोम तिथे आहे. असल्या बोगद्याला दोन किल्ल्या असतात, म्हणजे अक्षरं आणि आकडे यांच्या दोन लांबलचक माळा. त्या घरच्या कॉम्प्युटरनंच बनवायच्या. एक सार्वजनिक, ती ऑफिसला पाठवायची. दुसरी खाजगी. अंकितानं तीनदा बजावलं होतं, "काका, पब्लिक की मला कशीही पाठवा, व्हॉट्सॲपवर टाका. पण प्रायव्हेट की कुणालाही देऊ नका. आणि हरवू नका हं, हरवली तर सगळं पहिल्यापासून."

दहावीतल्या पोरालाही हे कळलं असतं. पण धारप दहावीतले नव्हते, ते विभागप्रमुख होते आणि मराठीतून विचार करणारे होते. सार्वजनिक म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांसमोर सार्वजनिक नळ, सार्वजनिक बाकडी आणि सार्वजनिक मुतारी उभी राहिली. आपल्याकडे सार्वजनिक गोष्टीचं लोक काय करतात हे त्यांना पुरेपूर ठाऊक होतं. तेव्हा जपायला हवी ती हीच. त्यांनी सार्वजनिक किल्ली छापली, पाकिटात घातली, पाकिटावर लाखेची मोहोर उठवली आणि ट्रेलरच्या रांगांत अर्धा दिवस अडकत, छातीशी धरून ते पाकीट न्हावा शेव्याला स्वतः पोचवलं. तिथल्या शिपायाकडून पोच घेतली. अंकितानं फोनवर कपाळावर हात मारल्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला, पण तो त्यांनी कौतुक म्हणून घेतला.

खाजगी किल्लीचा प्रश्नच वेगळा. खाजगी म्हणजे घरची. आणि घरची किल्ली कुठे ठेवतात? शेजारी. धारपांच्या घराची किल्ली वर्षानुवर्षं परेशभाईंच्या बायकोकडे, हेतलबेनकडे होती आणि हेतलबेनच्या घराची धारपांकडे. गावाला जायचं, कुरिअर यायचं, झाडांना पाणी घालायचं, मोलकरीण यायची, सगळा संसार त्या दोन किल्ल्यांवर चाले. हरवू नका म्हटलं की सुसंस्कृत माणूस एक किल्ली शेजारी देऊन ठेवतो. याहून सुरक्षित व्यवस्था जगात कुणी काढली असेल तर ती पनवेलपर्यंत आलेली नव्हती.

"त्या मुलीनं कुणाला देऊ नका म्हटलं होतं ना?" सुमतीबाईंनी विचारलं.

"कुणाला म्हणजे परक्याला. हेतल परकी आहे का?"

हेतल परकी आहे असं म्हणणं सुमतीबाईंच्या जिभेवर येणं शक्यच नव्हतं. सकाळीच त्यांनी तिच्याकडून विरजण आणलं होतं.

कॉम्प्युटरनं त्या किल्लीचा एक चौकोनी ठिपक्यांचा कोडही करून दिला होता, भाजीवाल्याकडे पैसे भरायला असतो तसा. मोबाईलनं टिपला की बोगदा मोबाईलवर उघडला. धारपांना हे फारच सोयीचं वाटलं. त्यांनी दोन प्रती काढल्या, एक हेतलबेनकडे आणि एक, ठरावाप्रमाणे, सोसायटीच्या ऑफिसात. आता नुसती किल्ली देऊन भागत नाही. धारपांच्या घराच्या किल्लीला एक पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला होता आणि त्यावर लिहिलेलं होतं, "दार जरा ओढून उजवीकडे फिरवावी." त्याच प्रेमळ वृत्तीनं त्यांनी कोडच्या खाली ऑफिसच्या कॉम्प्युटरचं नाव, आपलं नाव आणि पासवर्ड सुवाच्य अक्षरांत लिहून दिला. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात, पण तिथे निदान चोराला पुढची सगळी मेहनत स्वतः करावी लागते.

सोमवारी परीक्षा होती. अंकिता आणि मुख्य कार्यालयातले मोठे साहेब, सत्यजीत कारखानीस, दोघं फोनच्या पडद्यावर बसून बघणार होते. धारपांनी घरून न्हावा शेव्याचा कॉम्प्युटर उघडायचा, एका कंटेनरची कागदपत्रं पुरी करायची आणि बंद करायचा. एवढं झालं की मुंद्रा टळलं. धारपांनी आदल्या दिवशी मजल्यावर फिरून सगळ्यांना सांगितलं की उद्या सकाळी मिक्सर लावू नका, आदळआपट करू नका, माझ्या राहण्या-जाण्याचा प्रश्न आहे. हे सांगायला नको होतं. शेजाऱ्याच्या अडचणीच्या वेळी पनवेलमधला माणूस स्वस्थ बसत नाही, ही या गावाची थोरवी आहे आणि शापही.

सोमवारी धारप इस्त्रीचा शर्ट घालून बसले. पँट घरातलीच होती. बोगदा उघडला. न्हावा शेव्याचा पडदा समोरच्या पडद्यावर लख्ख उमटला.

"उत्तम, धारप," कारखानीस म्हणाले. हे "उत्तम" धारपांच्या कानात पुढे बरेच दिवस वाजत राहिलं, कारण त्या दिवसातलं ते शेवटचं होतं.

त्यांनी पहिला रकाना भरला आणि पडदा काळा झाला. मधोमध एक ओळ आली. दुसऱ्या कुणीतरी या कॉम्प्युटरवर प्रवेश केल्यामुळे तुम्हाला बाहेर काढण्यात आले आहे.

धारप पुन्हा आत गेले. आतला तो दुसरा बाहेर पडला. त्याच क्षणी भिंतीपलीकडून हेतलबेनचा आवाज आला, "अरे, मला कोण बाहेर काढतंय?"

पडदा पुन्हा काळा.

"हेतलबेन!" ते भिंतीला तोंड लावून कुजबुजले. कुजबूज तळमजल्यापर्यंत गेली.

"धारपभाई, टेन्शन नाय घ्यायचा! चावी बरोबर लागते का ते चेक करते! ऐन टायमाला लॉक जाम झाला तर?"

धारप परत आत. पडदा परत काळा. आता हेतलबेनही ओरडल्या की त्यांनाही कुणीतरी काढलं. म्हणजे तिसरा कुणी होता. तिसरा कोण, ते खालच्या सोसायटीच्या ऑफिसच्या खिडकीतून वर आलं. "धारपसाहेब, आमाला दिसतंय! समदे कंटेनर दिसतान! हे हिरवं बटन कसलं हाय?"

"दाबू नका!" धारप गॅलरीतून खाली ओरडले.

"दाबलं पन," गणूशेठ म्हणाले.

गणूशेठच्या त्या एका बोटानं लहान मुलांच्या लंगोटांचा अख्खा कंटेनर स्फोटक रसायनांच्या रांगेत जाऊन बसला. पुढे तो सोडवायला अग्निशमनवाल्यांचं पथक बोलवावं लागलं आणि त्यांनी शिरस्त्याप्रमाणे प्रत्येक खोका उघडून बघितला.

फोनच्या पडद्यावर अंकिता दुसऱ्या कुठल्याशा पडद्याकडे बघत होती. न्हावा शेव्याच्या कॉम्प्युटरनं आत शिरलेल्या प्रत्येक यंत्राचं नाव इमानानं टिपून ठेवलं होतं.

"काका," ती हळू आवाजात म्हणाली, "ही 'हेतल किचन' कोण?"

"शेजारीण."

"आणि 'गणूशेठ नऊ नऊ नऊ'?"

"अध्यक्ष."

"त्यांच्याकडे तुमची प्रायव्हेट की कशी आली?"

धारपांनी पाठ ताठ केली. माणूस बुडताना काडीला धरतो. धारपांनी तत्त्वाला धरलं. "प्रायव्हेट म्हणजे खाजगी. खाजगी म्हणजे घरची. घरची किल्ली आमच्याकडे शेजारी ठेवायची पद्धत आहे. तुमच्याकडे नसेल."

कारखानीस साहेबांनी चष्मा काढून पुसला. चांगल्या घरातले होते, म्हणून ते आवाज चढवून बोलले नाहीत, आणि त्यामुळेच ते जास्त लागलं.

"धारप, बोगदा अप्रतिम आहे. जगातल्या कुठल्याही चोराला त्याला भोक पाडता आलं नसतं. म्हणून तुम्ही लोकांना दारातूनच आत घेतलंत. घरून कामाचा विषय संपला."

"मग मुंद्रा..." धारपांच्या डोळ्यांसमोर खारका दिसू लागल्या होत्या.

"मुंद्रा? छे. तिथे कंपनीची कॉलनी आहे, भिंतीला भिंत लागून. शेजारी किती असतील कल्पना करा. नाही, तुम्ही न्हावा शेव्यालाच. गेटवर. जिथे कॉम्प्युटर नाही तिथे."

धारप वाचले. पनवेल वाचलं, सुमतीबाई वाचल्या, विरजणाची देवघेव वाचली. ज्यासाठी हा सगळा उपद्व्याप केला ते सगळं पदरात पडलं, आणि तरीही त्या रात्री ते जेवले नाहीत. लवणश्रीला मात्र आनंदाचं भरतं आलं. साहेबांची बदली रद्द झाली, ती सोसायटीच्या ना-हरकत दाखल्यामुळे आणि सगळ्यांनी मिळून किल्ली वेळेवर तपासली म्हणून, असा सर्वांचा समज झाला. गच्चीवर शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. गणूशेठ बोलले, "बोगदा नाय झाला तरी चालंल, मानूस ऱ्हायला पायजे." मैनाताईंनी डोळे पुसले. परेशभाईंनी सासुरवाडीहून मुद्दाम मागवलेली खारीक सगळ्यांना वाटली. धारपांनीही एक खाल्ली. चांगली होती, आणि याचा त्यांना फार राग आला.

आता ते रोज बंदराच्या फाटकाशी एका पत्र्याच्या केबिनमध्ये बसतात आणि ट्रेलरवाल्यांच्या पासांवर शिक्के मारतात. शिक्का सरळ उमटतो. कंपनीत त्यांचा कुणी अपमान करत नाही, कारण कंपनीत त्यांच्याशी कुणी बोलतच नाही.

परवा कंपनीत नवी लागलेली एक मुलगी, आभा, फाटकावरची व्यवस्था शिकायला त्यांच्या केबिनमध्ये आली. हुशार होती, "सर" म्हणत होती, काका म्हणत नव्हती. धारपांना बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं. एका ट्रेलरचा पास अडला होता आणि तो सोडवायला फाटकाच्या यंत्रात घालायचा कोड तिच्या मोबाईलवर आला होता.

"सांगा बघू, काय आलाय कोड?" धारप आपुलकीनं म्हणाले. "मी घालतो."

"सॉरी सर," आभा नम्रपणे म्हणाली, "ट्रेनिंगमध्ये पहिल्याच दिवशी सांगितलंय. कोड कुणालाही धारपायचा नाही."

"काय करायचा नाही?"

"धारपायचा. म्हणजे चांगला माणूस आहे म्हणून विश्वासानं देऊन टाकायचा. पासवर्ड धारपू नका, किल्ली धारपू नका, असं सगळ्या शाखांमधून भिंतींवर लावलंय. मुंद्र्यालासुद्धा. मला आधी वाटलं इंग्लिश असेल. पण अंकिता मॅडम म्हणाल्या, अस्सल मराठी शब्द आहे."

बाहेर ट्रेलरवाला हॉर्न वाजवत होता. विनायक धारपांनी छातीवरचं ओळखपत्र हळूच उलटं केलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले, "मग तुम्हीच घाला."